पुलाखालून गेलेली मुलं

सव्वाआठ वाजायला आले की एव्हरिल हेलिवेलच्या पोटात गोळा उठायचा. शाळेच्या सुट्ट्या सोडल्या तर सव्वीस वर्षं हा नेम चुकला नव्हता. घरून निघताना ती ठणठणीत असायची. नवऱ्याने, केनेथने, केलेला चहा प्यायची, पोटऱ्यांपर्यंत येणारा पिवळाजर्द कोट चढवायची, टोपी कानांवर ओढायची आणि दारामागची काठी उचलायची. काठी तिच्याहून उंच, टोकाला ताटाएवढी गोल पाटी, पाटीवर 'थांबा, मुलं'. त्या पाटीमुळे सगळी शाळा तिला लॉलीपॉपबाई म्हणायची. बँक स्ट्रीटचा उतार उतरून ती मुख्य रस्त्याच्या कडेला उभी राहिली, की गोळा हजर.

हॉकरॉइडमध्ये हे कुणाला सांगितलं असतं तर लोक हसले असते. गावाच्या लेखी एव्हरिल म्हणजे धडाडीची बाई. खाणीतून दगड भरून येणारे ट्रक ती एका हाताने थांबवते, कुणी हॉर्न वाजवला तर त्याच्या खिडकीखाली जाऊन त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करते. एका पोराच्या बुटाची नाडी बांधून होईपर्यंत तिने पोलिसांची गाडी थांबवून ठेवली होती. हे सगळं खरं. पण त्यावरून ती शूर आहे असा जो अर्थ गावाने काढला तो साफ चुकीचा. एव्हरिल पहिल्या दिवसापासून भित्री होती. समोरून येणारी प्रत्येक गाडी थांबणार नाहीच, असं धरून ती चालायची. पोरांचा घोळका जमू द्यायची, दोन्ही बाजूंना तीन-तीनदा बघायची, मग काठी आडवी धरून रस्त्याच्या मधोमध जायची, आणि शेवटचं पोर पलीकडच्या फुटपाथवर चढेपर्यंत श्वास सोडायची नाही. सव्वीस वर्षांत तिच्या हाताखाली एका मुलाचा गुडघासुद्धा फुटला नव्हता, तो या भीतीमुळेच.

त्याआधी ती लोकरीच्या गिरणीत होती. विणून आलेल्या कापडातले दोष शोधायचे आणि सुईने बुजवायचे, हे तिचं काम. चाळीस वार कापडात एक धागा सुटलेला असला तरी खिडकीच्या उजेडात तिला तो दिसायचा. बाकीच्या बाया भिंग घेऊन बसायच्या आणि एव्हरिल नुसत्या डोळ्यांनी त्यांच्यापुढे जायची. गिरणी बंद पडली तेव्हा दुसरं काही मिळेपर्यंत करू म्हणून तिने ही काठी हातात घेतली.

आणि आता डोळेच फितूर झाले होते.

दोन वर्षांपूर्वी सुरुवात झाली. आधी भिंतीवरच्या टाइल्सची रेघ वाकडी दिसायला लागली. मग माणसाकडे बघितलं की केस दिसायचे, कान दिसायचे, खांदे दिसायचे, आणि चेहऱ्याच्या जागी नुसता करडा डाग. जरा बाजूला बघितलं की चेहरा परत यायचा. शेजारच्या गावातल्या डॉक्टरने सांगितलं की डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजतोय, याला काही इलाज नाही, कडेचं दिसत राहील. गाडी चालवता का, असं त्याने विचारलं. एव्हरिल नाही म्हणाली, आणि ते खरंच होतं. काम काय करता, हे त्याने विचारलं नाही.

कौन्सिलची सुपरवायझर वर्षातून एकदा येऊन नजर तपासायची. तपासायची म्हणजे रस्त्यापलीकडे लावलेली आपलीच गाडी दाखवून तिचा नंबर वाचायला सांगायची. नऊ वर्षं तिची गाडी तीच होती. एव्हरिलने नंबर पाठ म्हणून दाखवला, सुपरवायझरने कागदावर खूण केली, आणि दोघींनी हवेबद्दल चार शब्द बोलून एकमेकींचा निरोप घेतला. त्या दिवशी घरी आल्यावर एव्हरिलला उलटी झाली. केनेथला तिने मासळी बाधली म्हणून सांगितलं.

काम सोडून का दिलं नाही, असं कुणीही विचारेल. तिने ते स्वतःला रोज विचारलं होतं. पण कौन्सिलची रीत अशी की काठीवाली बाई असेपर्यंत जागेला सहसा हात लावत नाहीत. ती गेली की त्या ठिकाणी किती माणसं रस्ता ओलांडतात आणि किती गाड्या जातात याची मोजणी होते, आणि आकडा ठरल्यापेक्षा कमी भरला तर जागाच रद्द. स्टेशनकडच्या नाक्यावरची विनी निवृत्त झाली तेव्हा हेच झालं. आता तिथल्या आया पोरांचे हात धरून धावत सुटतात. एव्हरिल चार वर्षं दर महिन्याला कौन्सिलला पत्र लिहीत होती की इथे माणसांसाठी सिग्नल बसवा, बटण दाबलं की गाड्या थांबतील असा. तो बसला की त्याच संध्याकाळी मी काठी परत करते, असं तिने मनाशी ठरवलं होतं. सिग्नल बसेपर्यंत देवाने डोळे पुरवावेत, एवढंच तिचं मागणं होतं.

त्यात वसंतात पार्किंगचं लचांड निघालं.

नाक्यावर नॉर्मन बॅराक्लफची बेकरी. गावाबाहेर मोठं दुकान झाल्यापासून नॉर्मनचा धंदा बसला होता. समोर दुहेरी पिवळ्या रेघा, गाडी लावायची सोय नाही, मग सॉसेज रोल घ्यायला थांबणार कोण? त्याने अर्ज लिहून काउंटरवर ठेवला: पिवळ्या रेघा काढा, अर्धा तास फुकट पार्किंग द्या. आमच्याकडे काउंटरवर कागद असला की सही करायची असते. गरम पावाची पिशवी हातात घेऊन मालकाला नाही म्हणायची रीत नाही. गावातल्या चारशे बारा माणसांनी सह्या केल्या. कागदावर काय लिहिलंय हे त्यातल्या बारा जणांनी वाचलं असेल. एव्हरिलची सही सतरावी होती.

कौन्सिलने वर्षभराच्या बोलीवर रेघा पुसल्या आणि व्हॅना थेट तिच्या उभं राहायच्या जागेपर्यंत येऊन थांबायला लागल्या. आता गाडी बघायची तर व्हॅनच्या पुढे डोकं काढावं लागायचं.

नोव्हेंबरातली गोष्ट. दुपारचे साडेतीन, पाऊस, उजेड विझत आलेला. एव्हरिलने व्हॅनच्या आडून डोकं काढलं, रस्त्याच्या वरच्या अंगाला सरळ बघितलं. रस्ता मोकळा होता. तिने काठी पुढे केली, पोरं निघाली, आणि त्या मोकळ्या रस्त्यातून एक ट्रक बाहेर आला. ट्रक तिथेच होता. ती थेट त्याच्याकडे बघत होती म्हणून तो डागात गेला होता. ब्रेकचा आवाज झाला, पाण्याचा फवारा उडाला, आणि ट्रक पुढच्या पोरीच्या रेनकोटच्या टोपीपासून वीतभर अंतरावर थांबला. पोरगी खिदळली. तिला फवाऱ्याची गंमत वाटली. एव्हरिलने सगळ्यांना पलीकडे पोचवलं, परत आली, आणि बेकरीच्या भिंतीला टेकून उभी राहिली. 

दारात नॉर्मन उभा होता. हातातला पावाचा ट्रे त्याने तसाच धरला होता.

"बाई, तुला दिसला नाही तो?" तो म्हणाला.

"तुझ्या गिऱ्हाईकाची व्हॅन आड आली."

"व्हॅन आड आली असती तर तू आणखी पुढे झाली असतीस. तू बघत होतीस त्याच्याकडे. मी बघत होतो तुझ्याकडे."

एव्हरिलने टोपी कानांवर ओढली आणि काठी उचलली. नॉर्मनही ट्रे घेऊन आत गेला.

दुसऱ्या दिवशी ती मुख्याध्यापिकेला, मिसेस लम्बना, भेटली. रस्ता निसरडा झालाय, काळोख लवकर पडतो, तर नाताळपर्यंत पोरांना कालव्याच्या काठाने, पुलाखालून नेलं तर? वळसा दहा मिनिटांचा, पण डोक्यावरून गाड्या जातात, खाली नुसती बदकं. मिसेस लम्बना कल्पना फार आवडली. शाळेतल्या दोन बाया नेमल्या, पोरांना दोरी धरायला दिली, आणि रोज सकाळ-दुपार ती वरात पुलाखालून जायला लागली. मोठ्या वर्गातली पाच-पंचवीस टगी तेवढी रस्त्याने यायची. त्यांना एव्हरिल एकेकाला दंडाला धरून न्यायची आणि ती तक्रार करायची की आम्ही काय बाळं आहोत का.

त्या पाच आठवड्यांत एव्हरिलला पहिल्यांदा झोप लागली.

त्याच सुमारास नाक्यावरच्या दिव्याच्या खांबाला कुणीतरी एक करडी पेटी बांधून गेलं. नोव्हेंबर संपता संपता खांबांना पेट्या लागल्या की त्या नाताळच्या रोषणाईच्या असतात हे हॉकरॉइडमध्ये लहान पोरालाही ठाऊक. पेटी पंधरा दिवस राहिली. यंदा रोषणाई काही लागली नाही. कौन्सिलचा ढिसाळपणा, असं म्हणून लोकांनी सोडून दिलं, आणि त्या म्हणणाऱ्यांत एव्हरिलही होती.

जानेवारीत त्याच खांबाला प्लास्टिकच्या पिशवीत घातलेली नोटीस आली. ती वाचायला एव्हरिलला मान तिरकी करून दहा मिनिटं लागली. रस्ते समितीची बैठक, टाउन हॉल, मंगळवार, संध्याकाळी साडेसहा. विषय सहा: अर्ध्या तासाचं पार्किंग कायम करणे. विषय सात: शाळेसमोरचा रस्ता. पेटीतल्या कॅमेऱ्याने पंधरा दिवस मोजणी केली आहे, ओलांडणाऱ्यांची संख्या ठरलेल्या मर्यादेच्या एक चतुर्थांशही नाही, सबब सिग्नलची गरज दिसत नाही, आणि काठीवालीची जागाही शाळेचं वर्ष संपताच बंद करावी.

ती नोटीस पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागली. मग तिच्या लक्षात आलं की पोरं कमी भरली कारण पोरं पुलाखाली होती, आणि पोरं पुलाखाली होती कारण तिने पाठवली होती. 

घरी तिने केनेथला सगळं सांगितलं. डाग, डॉक्टर, ट्रक, पूल, पेटी. केनेथने तीस वर्षं बस चालवलेली. नंबरप्लेट पाठ केल्याचं ऐकून तो आधी हसला.

"नऊ वर्षं तीच गाडी? धन्य आहे ती बया." मग त्याचं हसू गेलं. "एव्ह, मला का नाही सांगितलंस?"

"तू मला जाऊ दिलं नसतंस."

"अर्थात नसतं जाऊ दिलं. डोकं ठिकाणावर आहे का तुझं? मी सहा महिने बघतोय, तू चहा कपाच्या बाहेर ओततेस. मला वाटलं हात थरथरतोय म्हातारपणाने."

"आता काय करू ते सांग."

"उद्या आजारी पडल्याचं कळव. मोकळी हो."

"मग उद्यापासून तिथे कोण? आणि जुलैत शाळेचं वर्ष संपल्यावर कोण?"

 केनेथने बशी पुसली, पुन्हा पुसली, आणि जागेवर ठेवली. दुसऱ्या दिवसापासून तो सकाळ-दुपार तिच्याबरोबर नाक्यावर यायला लागला. पेपर विकत घ्यायला आलोय असं दाखवत व्हॅनच्या पुढे उभा राहायचा आणि गाडी आली की खोकायचा. बैठकीपर्यंतचे बारा दिवस त्यांनी असे काढले. त्याचा खोकला ऐकून मिसेस लम्बनी त्याला मधाची बाटली दिली.

बैठकीच्या आदल्या दिवशी नॉर्मनने तिला दुकानात बोलावलं. आत गिऱ्हाईक नव्हतं. त्याने दारावरची पाटी फिरवून 'बंद' अशी केली.

"उद्या तू बोलणार आहेस म्हणे," तो म्हणाला.

"प्रत्येकाला तीन मिनिटं देतात."

"बोल की. सिग्नल माग, मी टाळ्या वाजवीन. पण पार्किंगचं नाव काढू नकोस. त्या चार गाड्यांच्या जागेवर माझं दुकान उभंय. ती गेली की मी गेलो, माझ्याकडच्या दोघी गेल्या. आणि तुझी सहीसुद्धा आहे त्या अर्जावर."

"माहीत आहे."

"नोव्हेंबरातलं मी कुणाला बोललेलो नाही. बायकोलासुद्धा नाही. माणसाने एकमेकांचं राखावं, एव्हरिल. तू माझं राख."

धमकी म्हणावी तर धमकी नव्हती. नॉर्मन तिच्या लग्नाचा केक करणाऱ्याचा मुलगा. तोही घाबरलेला होता. त्याने एक पाव कागदात गुंडाळून तिच्या हातात दिला. तो तिने घेतला, कारण नाही म्हणायची रीत नाही, आणि घरी जाताना कालव्यातल्या बदकांना घातला.

टाउन हॉलच्या वरच्या दालनात चाळीसेक माणसं होती. विषय सहाला सव्वा तास लागला. पार्किंग अर्धा तास असावं की चाळीस मिनिटं, रविवारी मोजावं का, पाटी निळी की हिरवी, या प्रश्नांवर मोठी माणसं हिरिरीने भांडली. चाळीस मिनिटं मंजूर झाली, कायमची. नॉर्मनने रुमालाने मान पुसली. मग अध्यक्ष क्रॅबट्रींनी घड्याळाकडे बघितलं आणि विषय सात उरकून घेऊ म्हणाले. रस्ते खात्याचा तरुण अधिकारी अदील हुसेन याने उभं राहून आकडे वाचले. मिसेस हेलिवेल बोलू इच्छितात, तीन मिनिटं, असं अध्यक्षांनी पुकारलं.

एव्हरिल उभी राहिली. समोर बारा कौन्सिलर होते. बारा जणांचे केस, कान, टाय तिला दिसत होते. चेहरा एकाचाही दिसत नव्हता. तिला वाटलं, बरंच आहे.

"माझं नाव एव्हरिल हेलिवेल. कौन्सिलर फील्डन, तुम्हाला मीच रस्ता पार करून दिलाय. तुम्ही मोजे घालत नसायचात."

हशा पिकला. तिने हात टेबलावर टेकवले.

"ती पेटी खोटं बोलत नाही. पोरं रस्त्यावर नव्हतीच. मी त्यांना पुलाखालून पाठवली. निसरडं म्हणून नाही. मला दिसत नाही म्हणून. सरळ बघितलं की समोरचं नाहीसं होतं. नोव्हेंबरात एक ट्रक असाच नाहीसा झाला आणि एका पोरीपासून वीतभर अंतरावर थांबला. तिथे व्हॅन उभी होती. पिवळ्या रेघा असत्या तर नसती उभी राहिली. पण ट्रक मला व्हॅनमुळे नाही, डोळ्यांमुळे दिसला नाही. मी घाबरले आणि पोरं लपवली. तुम्ही मोजलंत तेव्हा ती लपलेली होती. त्यांना मोजा एवढंच म्हणते मी. मला काढा, पण त्यांना मोजा."

 अध्यक्षांनी पेन खाली ठेवलं.

"मिसेस हेलिवेल, हे किती दिवसांपासून?"

"दोन वर्षं."

मागच्या खुर्च्यांवरून एका बाईचा आवाज आला. आवाज मोठा नव्हता. "माझी मुलगी दोन वर्षं रोज तुझा हात धरून जाते."

एव्हरिल मागे वळली. आवाजाच्या दिशेने तिला एक लाल मफलर दिसला, वर डाग. कुणाची आई ते कळेना, आणि कोण गं तू असं विचारायचं धाडस तिच्यात नव्हतं. "हो," ती म्हणाली. तिला जन्मात कधी एवढी लाज वाटली नव्हती.

नॉर्मन दोन खुर्च्या सोडून बसला होता. त्याने पुन्हा रुमालाने मान पुसली.

पाच मिनिटांत निर्णय झाला. आधीची मोजणी बाजूला ठेवून एक दिवसाची नवी मोजणी करायची, गुरुवारी, सहा फेब्रुवारीला, सकाळी आठ ते नऊ आणि दुपारी तीन ते चार, या वेळी माणसं बसवून. आकडा भरला तर सिग्नल, नाही भरला तर विषय संपला. मिसेस हेलिवेल यांना आज, या क्षणापासून कामावरून मुक्त करण्यात येत आहे. बदली माणूस उपलब्ध नाही.

जिन्यात अदील तिच्यामागून आला. कोट आणि काठी उद्या जमा करावी लागेल, हे सांगताना तो बिचारा ओशाळला होता.

"मला एक सांगा," एव्हरिल म्हणाली, "मोजताना माझ्यासारखी म्हातारी एक धरतात की अर्धी?"

"अर्धी कशी? उलट आहे, मिसेस हेलिवेल. मोठा माणूस एक. लहान मूल किंवा म्हातारं माणूस दोन. पांढरी काठी घेऊन चालणारा, चाकांच्या खुर्चीतला, असे चार. ज्यांना रस्ता जास्त अवघड, ते जास्त धरायचे. तक्त्यातच तसं आहे."

"आणि तोच माणूस परत आला तर?"

"प्रत्येक ओलांडणं मोजतात. कोण आहे ते विचारत नाहीत." तो थांबला. "तुम्ही नियम विचारलात, मी सांगितला."

पुढचे सोळा दिवस एव्हरिलने घरात काढले. नाताळला थांबलेली पुलाखालची वरात मिसेस लम्बनी पुन्हा सुरू केली नाही. कालव्याचा काठ शेवाळलाय, शाळेवर जबाबदारी येईल, असं कुणीतरी वरून कळवलं होतं. बँक स्ट्रीटच्या वरच्या टोकाला असलेल्या तिच्या घरात सव्वाआठ वाजता गोळा उठायचाच, आता कोटही नव्हता आणि काठीही नव्हती. खिडकी उघडी ठेवून ती ऐकत बसायची. ट्रकचा गिअर बदलल्याचा आवाज, मग शांतता. ब्रेक करकचला की कप खाली ठेवायची आणि किंकाळीची वाट बघायची. किंकाळी यायची नाही. मग दुसरा ब्रेक. पाचव्या दिवशी केनेथने खिडकी लावून घेतली तर तिने ती पुन्हा उघडली. दुकानात दोन बायांनी तिला बघून पाठ फिरवली. चेहरे दिसले नाहीत तरी पाठी दिसत होत्या.

अंधांच्या संस्थेतून पांढरी काठी आली. तिच्या आयुष्यातली ही दुसरी काठी. हलकी, बारीक, पाटी नसलेली. एव्हरिलने ती जिन्याखाली ठेवून दिली.

गुरुवारी सकाळी गारांचा पाऊस होता. आठ वाजून दहा मिनिटांनी केनेथ खाली जाऊन आला, आणि कोट न काढताच स्वयंपाकघरात उभा राहिला.

"दोघं बसलेत नॉर्मनच्या छपराखाली, हातात मोजायची यंत्रं घेऊन."

"पोरं?"

"पोरं कुठली? तू गेल्यापासून निम्म्यांनी चालणं सोडलंय. आज तर बघ, सगळे गाडीतून सोडतायत. नॉर्मनच्या चाळीस मिनिटांच्या जागेवर गाड्यांची रांग लागलीय. चालत आली दहा-बारा."

आया घाबरल्या होत्या, म्हणून पोरं गाडीत होती. गाडीतली पोरं मोजत नाहीत. आजही आकडा भरणार नव्हता, आणि यापुढे कधी कुणी मोजणार नव्हतं.

एव्हरिलने जिन्याखालची काठी घेतली.

"एव्ह, नको," केनेथ म्हणाला. "ऐक माझं. तिथे गाड्या कुणासाठी थांबत नाहीत. तुझ्या हातात ती पाटी होती म्हणून थांबायच्या."

"पोस्टाची पेटी पलीकडे आहे ना? पत्र टाकायचंय मला."

"कुणाला?"

"कुणालाही. तूच लिही."

नाक्यावर ती आपल्या नेहमीच्या जागी उभी राहिली. सव्वीस वर्षांत तिने हा रस्ता हजारो वेळा ओलांडला होता, पण एकदाही गाड्यांच्या मर्जीने नाही. आता पिवळा कोट नसलेली एक ठेंगणी बाई कुणाच्या नजरेत भरत नव्हती. ट्रक गेला, गुडघ्यांपर्यंत चिखल उडाला. तिला रडायला येत होतं. सरळ बघायचं नाही, हे तिने स्वतःला बजावलं. तिने मान वळवली, डोळ्याच्या कोपऱ्यातून रस्ता धरला, कान लावले. एक व्हॅन सावकाश झाली, किंवा तसं वाटलं. तिने काठी पुढे टेकली आणि पाऊल खाली ठेवलं. हॉर्न वाजला. ती थांबली नाही. कुणीतरी शिवी दिली, आणि काठीला पलीकडचा दगड लागला.

छपराखालच्या यंत्राचा आवाज आला. टिक, टिक, टिक, टिक.

तिने पत्र टाकलं आणि परत निघाली. चार. बेकरीत जाऊन पाव मागितला. नॉर्मनने तो न बोलता गुंडाळला. ती पाव घेऊन पुन्हा पलीकडे गेली, कारण पलीकडे बाक होतं. चार. मोजणारा माणूस चौथ्या फेरीनंतर म्हणाला, "काही विसरलात का, आजी?"

"तिकीट लावायचं राहिलं," एव्हरिल म्हणाली. त्याने मान खाली घातली आणि मोजत राहिला.

भीती कमी होईल असं तिला वाटलं होतं. ती होत नव्हती. प्रत्येक फेरीला पहिल्या वेळेइतकीच लागत होती, उलट दमल्यामुळे जास्त. केनेथ कडेला उभा राहून गाड्या बघत होता आणि आता खोटं खोकत नव्हता, ओरडत होता. रांगेतल्या एका गाडीचं दार उघडलं. लाल मफलरवाली एक बाई उतरली, तिने मागच्या सीटवरून पोरीला बाहेर घेतलं, आणि पोरीचा हात धरून फुटपाथच्या कडेला, एव्हरिलपासून दोन हातांवर येऊन उभी राहिली. ती एव्हरिलकडे बघत होती की नाही, ते एव्हरिलला कळलं नाही. वाट मोकळी झाल्यावर तिघी एकदमच निघाल्या. मागून आणखी एक दार उघडल्याचा आवाज आला.

सतराव्या फेरीला एव्हरिलचा पाय फुटपाथच्या कडेला अडकला आणि ती हातांवर पडली. केनेथ धावत आला. तिचे तळवे सोलवटले होते.

"पुरे झालं," तो म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. "एव्ह, चल घरी. मला नाही बघवत."

"मलाही भीती वाटतेय रे. किती वाजले?"

"पावणेनऊ."

"मग अजून पंधरा मिनिटं मोजतायत," एव्हरिल म्हणाली, त्याच्या खांद्याला धरून उठली, आणि रस्त्याकडे तोंड करून उभी राहिली.